मावेल तेवढा मैदा

माझ्या आईची पाककृतींची वही बहिणीकडे आहे आणि आईची पितळी वाटी माझ्याकडे. ही वाटणी कोणी ठरवून केली नाही. वही बहिणीने मागून घेतली. वाटी आमच्या तांदळाच्या डब्यात मापाला होती, ती तिथेच राहिली. परिणाम मात्र असा झाला आहे की, दर दिवाळीला बहिणीची शंकरपाळी बिघडतात आणि दर भाऊबीजेला त्याचे खापर माझ्या डोक्यावर फुटते. वहीत आईच्या वळणदार अक्षरात कृती लिहिलेली आहे: वाटीभर तूप, वाटीभर साखर, फुलपात्रभर दूध आणि मावेल तेवढा मैदा. बहीण वही समोर ठेवून अक्षरशः तसेच करते. पण वाटी कोणती? फुलपात्र कोणाचे? आणि मावेल तेवढा म्हणजे कोणाच्या हाताला? आईने हे लिहिले नाही, कारण तिच्या स्वयंपाकघरात मापाची वाटी एकच होती आणि हात तिचेच होते. जे आपल्याला न सांगता ठाऊक असते ते लिहून ठेवायचे कोणाला सुचते?

२०२५ च्या भाऊबीजेला असाच मी पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. शंकरपाळी दाताखाली आवाज करीत होती आणि मी ती चहात बुडवून निमूटपणे खात होतो. समोर भाचा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याचा चेहरा शंकरपाळ्यांहून कठीण झालेला दिसला, तेव्हा मामा या नात्याने विचारणे भाग पडले.

"काय रे, काय बिघडलं?"

"मामा, आपल्या चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम. माझ्या मशीनवर झकास चालतो. डेबियनमध्ये घालायला पाठवला, तर सात ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी तयार झाला. सहा ठिकाणी नापास!"

येथे वाचकांना थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. माझ्या गुरुजींनी १९६० सालापासून खेडोपाडी हिंडून बोलीतले शब्द चिठ्ठ्यांवर टिपले होते. प्रत्येक अक्षराची एक पेटी, पेटीत शब्दांच्या क्रमाने लावलेल्या चिठ्ठ्या, चिठ्ठीवर क्रमांक, शब्द, अर्थ आणि शब्द ऐकला ते साल. त्यांच्या पश्चात या पेट्या माझ्याकडे आल्या. आमच्या मराठी विभागातल्या जुन्या संगणकावर मी त्या हळूहळू उतरवून काढल्या आणि भाच्याने त्या वाचायला एक छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला. पुढे त्याला वाटले की असा प्रोग्रॅम इतरांनाही, इतर भाषांच्या शब्दसंग्रहांनाही उपयोगी पडेल. म्हणून त्याने तो डेबियनकडे पाठवला.

डेबियन ही लिनक्सची एक जुनी आणि मानाची मांडणी. इयान मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचे नाव डेब्रा. डेब्रा आणि इयान मिळून डेबियन. (त्या दोघांचा पुढे विवाह झाला आणि पुढे घटस्फोटही झाला, नाव मात्र टिकले.) जगभरचे स्वयंसेवक ही मांडणी चालवतात. २०२५ च्या ऑगस्टात तिची 'ट्रिक्सी' नावाची तेरावी आवृत्ती आली. तीत सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत आणि ती सात प्रकारच्या यंत्रांवर चालते. भाच्याची सात ठिकाणे ती हीच.

सात प्रकारची यंत्रे म्हणजे काय? बाहेरून पाहिले तर संगणक सारे सारखेच. पण आत जो प्रोसेसर असतो, त्याची आज्ञा समजण्याची भाषा घराण्याघराण्याला वेगळी. पुष्कळशा घरगुती लॅपटॉपांत इंटेल किंवा एएमडीच्या घराण्याचा प्रोसेसर असतो. तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये आर्म घराण्याचा. मोठ्या बँकांच्या व्यवहारामागे आयबीएमची जी अवाढव्य यंत्रे असतात त्यांचे घराणे आणखी वेगळे. डेबियन त्याला एस३९०एक्स म्हणते. शिवाय रिस्क-फाइव्ह नावाचे एक तरुण घराणे आहे, त्याचा आराखडा सर्वांना खुला असून डेबियनच्या अधिकृत पंगतीत ते ट्रिक्सीपासूनच बसू लागले. एका घराण्यासाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या घराण्याच्या यंत्रावर ठेवला, तर ते यंत्र त्याच्याकडे नुसते पाहत राहील.

यावर उपाय असा की, प्रोग्रॅमची कृती एकच ठेवायची आणि पदार्थ मात्र प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात वेगळा शिजवायचा. प्रोग्रॅमर जे लिहितो ती कृती. तिच्यापासून यंत्राला कळेल असा जो तयार माल निघतो तो फराळ. डेबियनचा नियम असा की, लेखकाने कृती पाठवावी. सोबतच्या एका कागदावर 'हे कोणत्या घराण्यांसाठी' याची एक ओळ लिहावी. त्या ओळीत 'एनी' असे लिहिले म्हणजे सर्वांसाठी शिजवा. काही माल असा असतो की तो कोठेही सारखाच: शब्दांच्या याद्या, माहितीपत्रके, चित्रे. त्यांच्यासाठी 'ऑल' असे लिहितात. खडीसाखर ती खडीसाखर. ती प्रत्येक घरी वेगळी करण्याचे कारण नाही.

मग कृती एका मध्यवर्ती वहीत नोंदली जाते. प्रत्येक घराण्याची बांधणीची यंत्रे अहोरात्र त्या वहीकडे लक्ष ठेवून असतात. आपल्या घराण्यासाठी काही नवे आले की, ते यंत्र एक कोरी, स्वच्छ खोली उघडते. या स्वच्छतेचे मला मोठे कौतुक वाटले. लेखकाच्या स्वतःच्या संगणकावर वर्षानुवर्षांच्या हजार गोष्टी पडलेल्या असतात आणि त्यांतली एखादी आपण वापरतो आहोत हे त्याच्या ध्यानातही नसते. या कोऱ्या खोलीत मात्र कागदावर मागितलेले जिन्नस तेवढेच आणून ठेवतात. वेलदोडे लिहायचे राहिले, तर वेलदोडे मिळणार नाहीत. एखादा जिन्नस अजून तयार व्हायचा असेल, तर वहीत 'वाट पाहत आहे' असा शेरा पडतो, भाजणी दळून येईपर्यंत चकल्या थांबतात तशा. सगळे जमले की बांधणी होते, लगेच चव पाहिली जाते म्हणजे लेखकाने दिलेल्या चाचण्या चालवल्या जातात, आणि काय घडले त्याचा ओळीनओळ वृत्तांत जाहीरपणे लावला जातो. अनारसा हसला तर तो साऱ्या गावासमोर हसतो.

ही व्यवस्था उभी राहिली त्याचे कारण गमतीचे आहे. १९९८ च्या जुलैत डेबियनची दुसरी आवृत्ती आली, ती प्रथमच दोन घराण्यांसाठी होती: इंटेलचे, आणि मोटोरोलाचे ६८००० मालिकेचे, म्हणजे जुनी अमिगा, अटारी, मॅकिंटॉश यांचे. हे दुसरे घराणे गरीब आणि मंदगती. एखादे मोठे पॅकेज बांधायला त्याला दिवसच्या दिवस लागत. अशा यंत्राशेजारी बसून कोण राहणार? म्हणून त्या मंडळींनी यंत्रालाच वही वाचायला, काम उचलायला आणि वृत्तांत लिहायला शिकवले. पुढे श्रीमंत घराण्यांनीही तीच रीत उचलली.

आता भाच्याकडे वळू. सहा ठिकाणी त्याचा प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देत नव्हता. तो उत्तरच देत नव्हता. चाचणी सुरू होई आणि संपतच नसे. बराच वेळ वाट पाहून यंत्राने त्याला उचलून बाहेर ठेवले होते.

"ती ओळ बदलून टाकतो," भाचा म्हणाला. "'एनी' काढतो आणि नुसतं 'एएमडी६४' लिहितो. माझ्या मशीनचं घराणं. तिथे तर चालतंय!"

स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "आईच्याही घरी चालतच होती शंकरपाळी."

बहिणीला संगणकातले काही कळत नाही असे तिचा मुलगा म्हणतो. मला त्याविषयी शंका आहे.

तो दोष अखेर सापडला, आणि तो इतका सुंदर आहे की, मराठीचा मास्तर असूनही तो समजावून सांगण्याचा मोह मला आवरत नाही. संगणक फाईल वाचतो ती एकेका घरातला आकडा उचलून. एका घरात ० पासून २५५ पर्यंतचा कोणताही आकडा मावतो. फाईल संपली की वाचणारा 'उणे एक' असे उत्तर देतो, म्हणजे 'इति'. हे उत्तर ठेवायला जरा मोठी जागा लागते, कारण २५६ आकडे अधिक ही 'इति'ची खूण असे २५७ प्रकार झाले. भाच्याने मात्र ते एकाच लहान घरात कोंबले होते. आता अशा लहान घराला काय समजायचे, याबाबत घराण्यांत मतभेद आहेत. इंटेलच्या परंपरेत ते घर उणे १२८ ते अधिक १२७ असे धरतात; त्यामुळे २५५ हा आकडा तिथे 'उणे एक' असाच दिसतो. आर्म, रिस्क-फाइव्ह, पॉवर आणि आयबीएमची मोठी यंत्रे ते घर ० ते २५५ असे धरतात. तिथे उणे काही नसतेच. तेव्हा या सहा ठिकाणी 'इति' कधी येतच नव्हती आणि बिचारा प्रोग्रॅम पोथी संपल्यावरही पाने उलटीत बसला होता.

दुरुस्ती एका शब्दाची होती. लहान घराच्या जागी मोठे घर मागितले, झाले.

पण माझे डोके दुसरीकडेच गेले होते. "थांब रे," मी म्हटले, "तुझ्या घराण्यात २५५ आणि 'इति' सारखेच दिसतात म्हणतोस. मग फाईलीत खरोखरच २५५ आला तर?"

भाचा माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "मामा, तुझी 'प'ची पेटी उघड."

गुरुजींच्या बाकीच्या पेट्यांत दीडशे-दोनशे चिठ्ठ्या आहेत. 'प' हे मराठीतले दांडगे अक्षर. त्या एकट्या पेटीत तीनशेच्या वर आहेत. दोन वर्षे मी त्या प्रोग्रॅममधून 'प'ची पेटी पाहत होतो आणि 'पोहरा' हा शब्द त्यात मला कधी दिसला नव्हता. विहिरीवर आयुष्य काढलेल्या माणसांत हिंडणाऱ्या गुरुजींच्या कानांतून पोहरा निसटावा, याचे मला नवल वाटे. एका लेखात मी तसे सौम्य शब्दांत लिहूनही टाकले होते! आता दुरुस्त केलेला प्रोग्रॅम चालवला तर पेटी दोनशे चोपन्नाच्या पुढे सरकली. पेव आले, पैरा आला, पोत आले आणि पोहराही आला. साल १९६०. दोनशे पंचावन्नाव्या चिठ्ठीच्या क्रमांकालाच माझे यंत्र 'इति' समजत होते आणि कसलीही तक्रार न करता पोथी मिटत होते. मूळ चिठ्ठ्यांची पेटी मी माळ्यावर ठेवून दिली होती. काढून पाहायची तसदी मी घेतली नाही, कारण पडद्यावर तर सगळे नीट दिसत होते.

एकाच चुकीने सहा ठिकाणी आरडाओरडा केला आणि जिथे 'झकास चालतंय' म्हणून आम्ही निश्चिंत होतो, तिथे ती गुपचूप शब्द खात होती. भाच्याने ती ओळ बदलून नुसते आपले घराणे लिहिले असते, तर गुरुजींवर केलेला आरोप माझ्या नावावर कायम राहिला असता.

दुसऱ्या दिवशी नवा वृत्तांत आला. सातांपैकी सहा उत्तीर्ण; एक नापास: एस३९०एक्स, बँकांची मोठी यंत्रे. तिथे चाचणीने पोहऱ्याचे साल विचारले, ते १९६० असायला हवे होते. यंत्राने सांगितले ४३०१५.

या आकड्याचा उलगडा मात्र भाच्याआधी मला झाला, आणि तो मराठी भाषेमुळे. आपण लिहितो २५, आधी दोन, मग पाच. बोलताना मात्र म्हणतो पंचवीस: आधी पाच, मग वीस. इंग्रज उलट करतो. तो आधी वीस म्हणतो, मग पाच. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे शिकवण्याची सोय केली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता ते वाचकांना आठवत असेल. संगणकांतही नेमके हेच भांडण आहे. १९६० हा आकडा एका घरात मावत नाही, म्हणून तो दोन घरांत ठेवतात: २५६ चे गठ्ठे किती, तर ७, आणि वर सुटे १६८. आता आधी गठ्ठे लिहायचे की आधी सुटे? इंटेलचे घराणे पंचवीसवाले: आधी सुटे, मग गठ्ठे. आयबीएमची मोठी यंत्रे आधी गठ्ठे मांडतात. भाच्याची फाईल १६८, ७ अशी लिहिली होती. मोठ्या यंत्राने ती आपल्या रिवाजाने वाचली: १६८ गठ्ठे आणि सुटे ७. करा हिशेब, ४३०१५ येतात.

या दोन पंथांना इंग्रजीत जी नावे आहेत ती गलिव्हरच्या प्रवासातून घेतलेली. लिलिपुटच्या राज्यात उकडलेले अंडे मोठ्या टोकाकडून फोडायचे की लहान टोकाकडून यावरून लढाया होतात, असे जोनाथन स्विफ्टने १७२६ साली लिहिले. डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १९८० साली ती नावे या वादाला चिकटवली. तीच आजतागायत चालतात. आपल्याकडे हा शोध लागता तर 'पंचवीस' आणि 'वीस-पाच' अशी नावे पडली असती आणि ती समजायला अंडेही लागले नसते.

"आता मात्र हे एक घराणं सोडून देऊ या," भाचा म्हणाला. "मामा, खरं सांग. बँकेच्या मेनफ्रेमवर बसून मराठी चिठ्ठ्या कोण वाचणार आहे?"

प्रश्न बिनतोड होता. मला उत्तर सुचेना. शिवाय हाच प्रश्न डेबियनच्या मंडळींनी स्वतःलाच एकदा विचारला होता आणि त्यावरून मोठे रण माजले होते. २००२ ची आवृत्ती अकरा घराण्यांसाठी होती. सत्तर कामे पुढे गेली आणि एकाच मंद यंत्राचे काम अडले, तरी सर्वांनी थांबायचे. आवृत्त्या लांबत चालल्या. २००५ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी जबाबदार मंडळी जमली आणि त्यांनी सुचवले की, पुढील आवृत्तीत चारच घराणी ठेवावीत. बाकीच्यांनी पात्रता सिद्ध करावी: त्या जातीचे नवे यंत्र बाजारात विकत मिळत असले पाहिजे, रोजचे काम जास्तीत जास्त दोन बांधणीच्या यंत्रांत उरकले पाहिजे, आणि एक यंत्र अडीअडचणीला हाताशी पाहिजे, वगैरे. सूचना बाहेर पडताच असा गहजब झाला की, ती तशीच्या तशी अमलात आली नाही. नियम सौम्य झाले. २००७ च्या आवृत्तीतून मोटोरोलाचे ते मंदगती घराणे तेवढे बाहेर पडले, ज्याने साऱ्यांना स्वयंचलित बांधणी शिकवली तेच. एकूण घराणी पुन्हा अकराच!

त्या चार भाग्यवंतांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. एक होते इंटेलचे इटेनियम. ते आपल्या हयातीतच उतरणीला लागले. डेबियनने त्याला २०१५ च्या आवृत्तीपासून सोडले आणि इंटेलने त्याची विक्री २०२१ मध्ये थांबवली. दुसरे पॉवरपीसी, ते ३२-बिटी घराणे २०१७ मध्ये गेले. तिसरे इंटेलचे मूळ ३२-बिटी घराणे आय३८६, साऱ्यांचा मूळपुरुष. त्याचे काय झाले ते पुढे सांगतो. पूर्ण मानाने उरले ते एकटे एएमडी६४. आणि चौघांत ज्याची गणना नव्हती ते आर्म? ते आज मोबाईलच्या रूपाने घरोघर आहे. २०१२ पासून रास्पबेरी पायच्या रूपाने शाळकरी पोरांच्या टेबलावर आहे. २०२० पासून ॲपलनेही आपले संगणक त्यावर आणले. व्हँकुव्हरला जमलेली माणसे काही अडाणी नव्हती, डोळसपणे हिशेब करीत होती. बाजाराने त्यांचा हिशेब वीस वर्षांत पार उलटापालटा केला.

पण त्यांची बाजूही मला पटते, हे कबूल केले पाहिजे. सर्वांना सांभाळावे हे म्हणायला छान, सांभाळायचे कोणी? बांधणीच्या यंत्राला वीज लागते, जागा लागते, बिघडले तर रात्री उठून पाहणारा माणूस लागतो. घराण्याचा सांभाळ करणारा माणूस उरला नाही की, घराणे जाते; यात दुष्टपणा कोणाचाच नसतो.

आता आय३८६. आमच्या विभागातला तो जुना संगणक, ज्यावर मी चिठ्ठ्या उतरवल्या, तो याच घराण्यातला. पंखा जरा घरघरतो, एरवी तक्रार नाही. त्यावर डेबियनची बारावी आवृत्ती आहे, २०२३ च्या जूनची. तेराव्या आवृत्तीत या घराण्यासाठी यंत्र चालू करण्याचा गाभाही नाही आणि बसवण्याची सोयही नाही. ३२-बिटी जुने प्रोग्रॅम ६४-बिटी यंत्रावर चालवता यावेत, एवढ्यापुरतेच त्याचे अस्तित्व ठेवले आहे. ही सोय २०१३ पासूनची: दोन घराण्यांचा माल एकाच संगणकात वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवायचा, उपासाचे डबे वेगळ्या फळीवर असतात तसा, म्हणजे सरमिसळ नको. बाकी जुन्या यंत्रधारकांना सल्ला स्पष्ट आहे: प्रोसेसर ६४-बिटी असेल तर नव्याने बसवा, नसेल तर यंत्राला निवृत्त करा.

यातही एक बारकावा आहे. ३२-बिटी यंत्रांचे घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते आणि १९ जानेवारी २०३८ रोजी त्याची घरे भरतात. इतर ३२-बिटी घराण्यांना, म्हणजे आर्मच्या धाकट्या पात्यांना, ट्रिक्सीत ६४-बिटी घड्याळ बसवून दिले. आय३८६ ला मुद्दाम दिले नाही. कारण ते ठेवलेच आहे जुन्या प्रोग्रॅमांसाठी, आणि घड्याळ बदलले तर तेच प्रोग्रॅम चालायचे नाहीत. एकाला तारीख वाढवून मिळाली, दुसऱ्याला त्याच्या जुन्या सोबत्यांसकट तसेच ठेवले. वाचताना मला कसेसेच झाले. सौ. म्हणाली, "यंत्राचं एवढं काय मनाला लावून घेता?" तिचे बरोबरच आहे. पण त्या आठवड्यात आमच्याकडे एम. ए. मराठीच्या वर्गाची पटसंख्या कळवण्याचे पत्रक आले होते आणि माझ्या वर्गातही यंदा सातच नावे होती.

तर मेनफ्रेमवर मराठी चिठ्ठ्या कोण वाचणार, या प्रश्नाला मी भाच्याला उत्तर दिले नाही. मी एवढेच विचारले की, दुरुस्ती करायला किती वेळ लागेल. तो म्हणाला, "एक संध्याकाळ." त्याच्याजवळ मेनफ्रेम कुठून असणार! पण क्यूएमू नावाचा एक बहुरूपी प्रोग्रॅम आहे. तो वाटेल त्या घराण्याचे सोंग हुबेहूब वठवतो. वेगाला मात्र अगदी मंद. आणि डेबियनची अधिकृत बांधणी सोंगावर भागत नाही, ती खऱ्याच यंत्रावर होते. पण घरच्या तालमीला बहुरूपी पुरला. भाच्याच्या लॅपटॉपने रात्री मेनफ्रेमचा वेष घेतला आणि ४३०१५ साल आमच्यासमोर पडद्यावर उमटले.

या वेळी कोणताही हरवलेला शब्द सापडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. लॅपटॉपवर, मोबाईलवर त्या दुरुस्तीने काडीचा फरक पडला नाही. फरक पडला तो कागदपत्रात. भाच्याने प्रोग्रॅमला सांगितले की, यंत्राचा रिवाज काहीही असो, या फाईलीत आधी सुटे आणि मग गठ्ठे असेच वाचायचे. आणि सोबतच्या माहितीत तसे एक वाक्य घातले. फाईलची रचना त्या दिवसापर्यंत कोठेही लिहिलेली नव्हती. ती भाच्याच्या डोक्यात होती, आणि भाचा तर परदेशी जाण्याच्या गोष्टी करतो आहे.

चौथ्या दिवशी मी परत निघायच्या आधी सातही ओळी हिरव्या झाल्या. शेवटची एस३९०एक्सची. कोठल्या देशात, कोणत्या खोलीत ते यंत्र आहे, मला ठाऊक नाही; त्याने 'पोहरा, १९६०' बरोबर वाचले. माझ्या लेखातली गुरुजींवरची ओळ मी खोडून दुरुस्तीपत्र पाठवले.

घरी आल्यावर तांदळाच्या डब्यातून आईची वाटी काढली, घासली, पाणी भरले आणि मुलाच्या औषधाच्या बाटलीबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या पेल्याने मोजली. दहा-दहाचे पंधरा पेले आणि वर अर्धा. बहिणीला फोन करून सांगितले. तिने वही काढली. समासात पेन्सिलीने लिहिल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला.

"आणि दादा, फुलपात्र?"

फुलपात्र धाकट्या काकूंकडे आहे. त्यांना विचारून कळवतो म्हटले.

"मैदा रे?"

"तो मावेल तेवढाच," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.